सेलवरची मोटर, पाण्याचं रॉकेट, वर्णपटाचं खोकं: मुलांच्या क्लबसाठी काय निवडावं आणि कुठे अडतं?

खटपट्या

११ ते १५ वयाची १८ मुलं, आठवड्यातून एकदा दोन तास, सोबत तीन मोठी माणसं. लांब टेबलं आहेत, बाहेर मोकळं मैदान आहे, सोल्डरिंग आयर्न मात्र दोनच. सात-आठ सत्रांसाठी विज्ञान-तंत्रज्ञानाचे उपक्रम ठरवायचे आहेत. उपक्रमांच्या याद्या कुठेही मिळतात. मला हवी आहेत नेमकी मापं, आणि वस्तू चालली नाही तर आधी कुठे बघायचं ते.

तीन गोष्टींवर मुद्दाम विचारतोय. पहिल्या सत्रात सेल आणि सेफ्टी पिनांची मोटर घ्यावी असं मनात आहे, पण ती सांगतात तितकी सोपी नाही, निम्म्या गटांची कॉइल ढिम्म हलत नाही. दुसरं, पाण्याचं रॉकेट उडवून टाळ्या वाजवण्यापलीकडे त्यात मोजण्यासारखं काय आहे, आणि दाब किती ठेवावा? तिसरं, मायक्रोकंट्रोलर बोर्ड (आर्डुइनोसारखा, प्रोग्रॅम घालून चालवायचा) पहिल्याच दिवशी काढावा का?

---

तांब्याची_तार

मोटरचं बोलतो. ती न फिरण्याची कारणं मोजून चार-पाचच असतात, आणि त्यातलं सगळ्यात मोठं कारण तार खरवडण्यात असतं.

रचना अशी: सेलच्या दोन टोकांना एकेक सेफ्टी पीन उभी, पिनांच्या भोकांत तारेच्या कॉइलची (वेटोळ्याची) दोन टोकं, आणि कॉइलखाली सेलवर चुंबक. आधी मापं. इनॅमल (वीज अडवणारा पातळ लेप) चढवलेली वाइंडिंगची तार, जाडी साधारण ०.४५ मिमी. याहून बारीक घेतली तर टोकं कॉइलच्या वजनाने वाकतात, ०.७ मिमीच्या वर गेलात तर लहान बोटांना सफाईने गुंडाळता येत नाही. डी आकाराच्या मोठ्या सेलवरच गुंडाळायची. त्याचा परीघ १० सेंमीच्या थोडा वर भरतो, म्हणजे १० वेढ्यांना एक मीटरहून जरा जास्त, शिवाय दोन्ही बाजूंना ५-५ सेंमी टोकं. प्रत्येक गटाला १.२ मीटरचा तुकडा कापून द्या. टोकं वेढ्यांभोवती दोनदा आवळून बरोबर समोरासमोर काढायची. कॉइल दोन बोटांच्या चिमटीत धरून फिरवून बघा. एक बाजू दर वेळी खालीच येऊन थांबत असेल तर तोल गेलाय. तो आधी सावरा, नाहीतर पुढचं सगळं फुकट.

आता खरवडणं. इनॅमल दिसायला तांब्यासारखंच असतं, त्यामुळे मुलांना वाटतं तार उघडीच आहे. झीरो नंबरच्या पॉलिशपेपरने एक टोक सगळ्या बाजूंनी घासायचं. दुसरं टोक फक्त अर्धं, आणि कुठलं अर्धं हे इथे महत्त्वाचं आहे. कॉइल टेबलाच्या कडेवर उभी धरा, टोक टेबलावर आडवं टेकवा, आणि त्याची फक्त वरची बाजू घासा. कॉइल आडवी ठेवून घासलं की मोटर फिरत नाही. चुंबक खाली आहे, त्याचं क्षेत्र खालून वर जातं, त्यामुळे कॉइल उभी असताना तिला सर्वात जास्त पीळ मिळतो. त्या स्थितीच्या आगेमागे अर्धा फेरा प्रवाह वाहायला हवा, उरलेला अर्धा फेरा कॉइल स्वतःच्या वेगावर काढते. दोन्ही टोकं पूर्ण घासली तर दुसऱ्या अर्ध्यात पीळ उलटा बसतो आणि कॉइल जागेवरच झुलत राहते. कधी कधी पिनांवर उड्या मारत ती तशीही फिरते, पण तो योगायोग.

चुंबक जुन्या स्पीकरमधला गोल फेराइट असला तरी पुरतो. बहुतेक सेलचं कवच पोलादी असल्याने तो आपोआप चिकटून बसतो. कॉइल आणि चुंबक यांत ३ ते ५ मिमी अंतर ठेवा. निओडिमियमचा घेतलात तर तो पोलादी सेफ्टी पिनाच आत ओढतो आणि मग टोकं अडकतात.

तारेचा रोध जेमतेम ०.१३ ओहम. सेलचा अंतर्गत रोध आणि पिनांचे स्पर्श धरूनही दोन-तीन अँपिअर सहज वाहतात. कॉइल स्पर्शाच्या जागी अडकून राहिली तर सेल जवळजवळ शॉर्टच झालेला असतो, तापतो आणि लवकर संपतो. म्हणून नियम एकच: फिरत नसेल तर कॉइल लगेच उचलायची, मग चर्चा. सेल अल्कलाइनच घ्या. साध्या झिंक-कार्बन सेलचा अंतर्गत रोध जास्त असतो, त्यावर मोटर रडतखडत चालते.

फिरली की काम संपलं असं करू नका. कॉइलच्या एका बाजूला पांढरा ठिपका लावून फोनवर सेकंदाला २४० चौकटींचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. एका फेऱ्याला १६ चौकटी लागल्या तर सेकंदाला १५ फेरे, मिनिटाला ९००. मग ५, १० आणि २० वेढ्यांच्या कॉइल शर्यतीला लावा. जास्त वेढे म्हणजे जास्त वेग असं मुलं छातीठोकपणे सांगतात, आणि तिथेच मजा येते. वेढे वाढले की जोर वाढतो, पण वजन आणि रोधही वाढतात, शिवाय फिरणाऱ्या कॉइलमध्ये उलटा विद्युतदाबही जास्त तयार होतो.

---

दाबमापक

पाण्याचं रॉकेट मी दोन सत्रांत बसवेन. पहिल्यात बांधणी आणि लाँचरची चाचणी, दुसऱ्यात उड्डाण आणि मोजमाप. एकाच दिवशी दोन्ही कोंबलं की घाई होते, आणि या खेळात घाई परवडत नाही.

बाटली सोड्याच्या पेयाचीच हवी, दीड लिटरची, गोल आणि गुळगुळीत. नुसत्या पाण्याच्या पातळ, नालीदार बाटल्या दाबासाठी बनवलेल्या नसतात. दाब ३ बार, म्हणजे सुमारे ४४ पीएसआय. ३.५ च्या वर मुलांसोबत जायचं कारणच नाही. काटा असलेला सायकलचा उभा पंप घ्या, बिनकाट्याचा नको.

रबरी बुचात व्हॉल्व्हची सुई खुपसून केलेला लाँचर स्वस्तात होतो, पण बूच किती घट्ट बसलंय त्यावर सुटण्याचा दाब ठरतो. दर वेळी वेगळ्या दाबावर सुटणाऱ्या रॉकेटची तुलना कशी करणार? म्हणून केबल टायची पकड असलेला लाँचर करा. बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास २१-२२ मिमी असतो, त्यात सरकेल असा पीव्हीसी पाइप, त्याच्यावर खाचेत बसवलेली ओ-रिंग (रबरी कडी), तोंडाखालच्या कड्याला धरून ठेवणारे केबल टाय, आणि त्यांच्यावरून सरकणारी मोठ्या पाइपाची बांगडी. बांगडीला दोरी, दोरी ओढली की रॉकेट सुटतं. दोरी १० मीटरची. पंपाची नळीही लांब घ्या आणि पंपाशेजारी हवा सोडायची तोटी बसवा. रॉकेट अडकलं तर कोणीही जवळ जायचं नाही, लांबूनच दाब उतरवायचा.

लाँचरची चाचणी बाटली काठोकाठ पाण्याने भरून करा आणि दाब ४ बारपर्यंत न्या. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे साठलेली ऊर्जा नगण्य असते. काही फाटलं तर फक्त भिजणं होतं. हवेने भरलेली बाटली फुटली तर काय होईल ते सांगायला नको. ओ-रिंग सुकी असली की गळती लागते, साबणाच्या पाण्याचा हात फिरवा.

पंख ३ किंवा ४, तोंडाच्या बाजूला, रुंद चिकटपट्टीने लावायचे. गरम गोंदाची बंदूक बाटलीला लावू नका. बाटलीचं प्लास्टिक, पीईटी, ७०-७५ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि त्याच जागी बाटली दगा देते. ओरखडे, घडी किंवा पांढरी रेघ दिसली की ती बाटली बाद. नाकाशी ५० ते ८० ग्रॅम चिकणमाती. तोल तपासायला रॉकेटच्या गुरुत्वमध्याला दोरा बांधून डोक्याभोवती गरगर फिरवा. नाक पुढे राहिलं तर ते सरळ जाईल, आडवं किंवा उलटं वळलं तर नाकात वजन घाला किंवा पंख मोठे करा.

आता मोजण्याचं. दाब ३ बार कायम, पाणी बदलायचं: ०, १५०, ३००, ४५०, ६००, ९०० मिली, प्रत्येकी तीन उड्डाणं. नुसत्या हवेवर रॉकेट फुस्स करून पडतं, कारण मागे फेकायला वस्तुमानच नाही. ९०० मिलीवर पाणी भरपूर पण ते ढकलायला हवा अपुरी, आणि रॉकेटही जड. शिखर साधारण पाव ते एक तृतीयांश बाटली पाण्याच्या आसपास येतं. आलेख मुलांनीच काढावा, आपण आधी सांगून टाकू नये.

उंचीसाठी कोनमापक, त्याच्या मध्यातून टांगलेला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला वजन म्हणून लोखंडी नट. लाँचरच्या दोन्ही बाजूंना ३०-३० मीटरवर एकेक निरीक्षक बसवा. दोघांचे कोन अ आणि ब असतील तर उंची = ६० ÷ (कॉट अ + कॉट ब), कॉट म्हणजे १ ÷ टॅन, वर डोळ्याची उंची मिळवा. ४० आणि ५० अंश आले तर उंची साडेएकोणतीस मीटर निघते. एकाच निरीक्षकावर भागवू नका, कारण रॉकेट त्याच्याकडे किंवा उलट दिशेला झुकलं तर उत्तर सपशेल चुकतं. निरीक्षकांची रेषा वाऱ्याच्या दिशेने आखा, आडवी नाही. आणि कोनमापकावर दोरा ९० वर असतो तेव्हा नजर क्षितिजाला समांतर असते, म्हणजे वाचलेला आकडा ९० मधून वजा करायचा. हे विसरल्याने निघालेल्या अफाट उंच्यांचे तक्ते सगळीकडे सापडतील.

उड्डाणाच्या वेळी सगळ्यांच्या डोळ्यांना चष्मे, दोरी ओढणारा सोडून बाकीचे १५ मीटर मागे. रॉकेटवर कोणी कधीही वाकायचं नाही. पडल्यावर बाटलीत पांढरं धुकं दिसेल. प्रसरण पावताना हवा थंड होते आणि वाफेचे बारीक थेंब बनतात. पाच मिनिटं त्यावर घालवायला हरकत नाही.

---

उलटा_डायोड

सुरुवात मोटरने करायला माझा विरोध आहे. पहिल्या दिवशी निम्म्या गटांची फिरली नाही तर पुढच्या आठवड्यात ती मुलं येणार नाहीत. पहिलं सत्र कागदावरच्या सर्किटचं ठेवा: तांब्याची ५ मिमी चिकटपट्टी, एलईडी आणि सीआर २०३२ नाणेसेल. पाऊण तासात प्रत्येकाचा दिवा लागतो.

इथेही खोड्या आहेतच. पट्टीच्या मागचा गोंद बहुधा वीज वाहून नेत नाही, त्यामुळे एकीवर दुसरी चिकटवून केलेला जोड लागत नाही. कोपऱ्यात पट्टी कापायची नाही, दुमडून वळवायची. जोड टाळता येतच नसेल तर सोल्डरचा एक थेंब. नाणेसेलचा धन भाग कडेपर्यंत गुंडाळलेला असतो. ऋण बाजूची पट्टी कडेला टेकली की सेल शॉर्ट, आणि दिवा का लागत नाही हे वरून दिसतच नाही. एलईडीचा लांब पाय धन.

आणि हे कोडं जरूर द्या: लाल आणि निळा एलईडी समांतर जोडले तर काय होईल? निळा पेटत नाही. लालला सुमारे २ व्होल्ट पुरतात, निळ्याला ३ च्या आसपास लागतात. लाल पेटला की सेलचा दाब दोनाजवळ खेचून धरतो. लाल काढा, निळा उजळतो. मुलांना "खराब एलईडी" वाटतो तो खराब नसतो, हे त्यांना स्वतः शोधू द्या.

नाणेसेलवर रेझिस्टरशिवाय चालतं, कारण सेलचा अंतर्गत रोधच प्रवाह आवरतो. हीच सवय ९ व्होल्टच्या बॅटरीवर नेली तर एलईडी क्षणात जातो. तिथे हिशोब करायला लावा: ९ वजा २, भागिले ०.०१५, उत्तर ४६७, म्हणून ४७० ओहम.

बोर्डबद्दल: तिसऱ्या-चौथ्या सत्राआधी नको. स्विच, रेझिस्टर आणि शॉर्ट हे हाताने कळल्यावर आणा. आर्डुइनो उनो आर ३ बोर्डाच्या एका पिनेतून २० मिलिअँपिअरच घ्यायचे, ४० ही कमाल मर्यादा. खेळण्यातली मोटर थेट पिनेला जोडली की पीन जाते. मध्ये ट्रान्झिस्टर हवा, आणि तो बीसी ५४७ नको, त्याची झेप १०० मिलिअँपिअरपर्यंतच. २एन२२२२ घ्या. आकृत्यांमध्ये बेसला (ट्रान्झिस्टर उघडणाऱ्या पायाला) सर्रास १ किलोओहम दाखवलेला असतो. त्यातून ४ मिलिअँपिअर जातात, आणि ३०० मिलिअँपिअरच्या मोटरसाठी ट्रान्झिस्टर त्यावर पुरता उघडत नाही; मोटर कुंथते आणि ट्रान्झिस्टर तापतो. २७० ओहम लावा, १६ मिलिअँपिअर मिळतात, पिनेच्या मर्यादेत. मोटरवर १एन४००७ डायोड उलटा, पट्टी धन बाजूला. मोटरला वेगळे सेल, पण दोन्ही पुरवठ्यांची ऋण तार एकमेकींना जोडलेली. ही एक तार विसरल्याने वाया गेलेले तास मोजू नयेत.

लांब ब्रेडबोर्डच्या (सोल्डरशिवाय सर्किट जोडायच्या भोकांच्या पाटीच्या) कडेची लाल-निळी रेघ कधी कधी मध्येच तुटलेली असते. अर्धं सर्किट मेलेलं दिसलं तर आधी तिथे बघा.

---

खटपट्या

विरोध पटला, पहिला दिवस कागदी सर्किटला देतो. मोटरबद्दल एक: एका गटाची कॉइल थरथरते, अर्धा फेरा जाते आणि परत येते. एक टोक पूर्ण, दुसरं अर्धंच घासलंय. मग?

---

तांब्याची_तार

कॉइल आडवी ठेवून घासलंय, जवळपास नक्की. तपासायला कॉइल पिनांवर ठेवा आणि हाताने हळूहळू फिरवा; घासलेली बाजू खाली पिनेवर टेकते तेव्हा कॉइल उभी दिसली पाहिजे. आडवी दिसली तर नवीन तार कापायची गरज नाही. पूर्ण घासलेलं टोक आहे तसंच राहू द्या, चुकीच्या अर्ध्यावर पर्मनंट मार्करचे दोन-तीन हात द्या, वाळू द्या, आणि योग्य अर्धं घासा. शाई फार टिकत नाही, पण सत्र निभावतं.

ते ठीक असेल तर पिनांची भोकं बघा. सेफ्टी पिनांवर कधी कधी लाखेसारखा थर असतो. आतून पॉलिशपेपर फिरवा.

---

फट_आणि_जाळी

पावसाच्या दिवसासाठी एक: सीडीच्या तुकड्याने वर्णपट बघायचं खोकं. सीडीवरच्या रेषा १.६ मायक्रोमीटर अंतरावर, म्हणजे मिलिमीटरला ६२५. डीव्हीडीवर ०.७४ मायक्रोमीटर. डीव्हीडी रंग जास्त फाकवते म्हणून लोक तीच सुचवतात, पण २० सेंमी खोल खोक्यात तिचा हिरवा रंग फटीपासून जवळजवळ २२ सेंमी बाजूला पडतो, म्हणजे खोक्याबाहेर. सीडीचा सगळा दृश्य वर्णपट ५ ते १० सेंमीत मावतो.

सीडीच्या छापील बाजूवर कटरने ओरखडा काढून रुंद चिकटपट्टीने चकाकता थर उपटा. पारदर्शक प्लास्टिक उरतं, तीच आपली प्रकाशाचे रंग फाकवणारी जाळी. तुकडा बाहेरच्या कडेचा घ्या, तिथे रेषांचा बाक कमी. खोक्याच्या एका भिंतीत उभी फट, ०.२ ते ०.३ मिमी, ब्लेडच्या दोन तुकड्यांच्या धारा समोरासमोर चिकटवा, हे काम मोठ्यांनी करायचं. समोरच्या भिंतीत १ सेंमीचं भोक आणि त्यावर जाळी, रेषा फटीला समांतर. फट भिंतीच्या एका कडेला घ्या, म्हणजे दुसऱ्या बाजूला १० सेंमी जागा मिळेल. त्या जागेत दर सेंटिमीटरला टाचणीने भोक पाडा, अंधारात तीच पट्टी दिसते.

सीएफएल दिव्यात पाऱ्याची हिरवी रेषा ५४६ नॅनोमीटरला, म्हणजे फटीपासून ७.३ सेंमीवर, आणि निळी ४३६ ला, ५.७ सेंमीवर दिसायला हवी. दोन्ही जागी आल्या की पट्टी विश्वासाची. पांढऱ्या एलईडीत अशा तुटक रेषा नसतात, एक निळा उंचवटा आणि पुढे पिवळ्याचा रुंद पसारा दिसतो. फट रुंद झाली की रेषा एकमेकींत मिसळतात. नव्वद टक्के तक्रारी तिथेच मिटतात. सूर्याकडे खोकं कधीच रोखायचं नाही, निळं आकाश पुरतं.

---

दाबमापक

आयर्न दोनच आहेत म्हणून सोल्डरिंगचं वेगळं सत्र करू नका, १६ मुलं ताटकळतील. कागदी सर्किटच्या दिवशी कोपऱ्यातलं एक टेबल त्याला द्या, मोठं माणूस कायम तिथेच, दोन-दोन मुलं आळीपाळीने. टोक ३३०-३५० अंश. आधी जोड दोन-तीन सेकंद तापवायचा, मग सोल्डर जोडाला लावायचं, आयर्नला नाही. शिसं असलेलं सोल्डर असेल तर नंतर साबणाने हात. खिडकी उघडी.

---

उलटा_डायोड

आणि नाणेसेल मोजून द्या, मोजून परत घ्या. लहान भावंडाने गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. गिळल्याची शंका आली तरी वाट न बघता दवाखान्यात न्यायचं. घरी न्यायच्या कागदी सर्किटांमधून सेल काढून ठेवा. वापरलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून वेगळ्या डब्यात टाका. मोकळे टाकले तर डब्यात एकमेकांना टेकून तापतात.